किनाऱ्यावरच्या गणपतीविरुद्ध तक्रार

प्रिय ईरा आणि निनाद,

येत्या डिसेंबरात तुम्ही आईबाबांबरोबर वेलिंग्टनहून मॉरिशसला सुट्टीला जाणार, हे कळलं. ईरा, तू फोनवर विचारलंस, "आज्जी, तू तिथे काम करायचीस ना?" मी हो म्हणून टाकलं, कारण तुझ्या मागे आई "जेवायला चला" म्हणत होती. पण ते खरं नाही. मी तिथे काम करत नव्हते. मी जर्मनीत, बाड हॉम्बुर्गमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत बसून त्या बेटाबद्दलच्या तक्रारी वाचत होते. बेटावर मी आयुष्यात एकदाच गेले.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका बरेच दिवस म्हणत होत्या, "काकू, तुमच्या नोकरीवर लिहा की." मी टाळत होते. आता तुम्ही तिथे जाणारच आहात, तर एकाच लिहिण्यात दोन्ही कामं उरकतात. अवघड वाटलं तर आई वाचून दाखवेल. तुम्ही जाल तेव्हा गणपतीचे दिवस नसतील, म्हणून मी सांगते ते तुम्हाला तिथे दिसणार नाही. सांगायला हवं ते त्यासाठीच.

आधी कामाबद्दल. तुमच्या आजोबांची नोकरी इथल्या एका औषध कंपनीत होती. मी पुण्यात इंग्रजी शिकवत असे. इथे आल्यावर जर्मन शिकले आणि लांबच्या देशांच्या सहली विकणाऱ्या एका कंपनीत लागले. आमच्या विभागाला रेक्लामात्सिओन म्हणत. म्हणजे तक्रार खातं. जर्मन माणूस सुट्टीवर जातो तेव्हा तो सुट्टी विकत घेतो, आपण फ्रिज घेतो तशी. विमान, हॉटेल, नाश्ता, समुद्र, सगळं एका कागदावर. त्यात दोष निघाला तर कायद्यानं पैशाचा काही भाग परत मिळतो. अट एवढीच की दोष तिथल्या तिथे आमच्या स्थानिक प्रतिनिधीला सांगायचा आणि घरी परतल्यावर मुदतीत लेखी कळवायचा. दोषाला शब्द आहे मांगेल. खोलीतून समुद्र दिसेल असं छापलं आणि दिसली भिंत, तर तो मांगेल. जे छापलं ते वचन. आमचा कॅटलॉग म्हणजे दिसायला रंगीत चित्रांचं पुस्तक, पण कोर्टात तो करारनामा होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला इंग्रजी येतं म्हणून हिंदी महासागरातली बेटं माझ्याकडे आली. त्यातलं मॉरिशस सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. फोनवर माझा उच्चार ऐकून लोक विचारत, "तुम्ही बेटावरूनच बोलताय का?" मी म्हणे, "नाही, बाड हॉम्बुर्गहून. खिडकीतून मला बेकरी दिसतेय." तरी काहींचा विश्वास बसत नसे.

एका गृहस्थांनी लिहिलं होतं की मी आफ्रिकेचं तिकीट काढलं आणि विमानतळावर मला न्यायला साडीतली भारतीय बाई आली. ही फसवणूक आहे. तसा त्यांचा दोष नव्हता. आमच्या कॅटलॉगात ते बेट 'आफ्रिका आणि हिंदी महासागर' या भागात छापलेलं असे. चित्रांत पांढरी वाळू, एक माड, एक नवपरिणीत गोरं जोडपं आणि घोळदार झगे घालून सेगा हा तिथला नाच करणाऱ्या मुली. त्या बेटावर निम्म्याहून जास्त लोकांचे पूर्वज भारतातून उसाच्या मळ्यांवर गेलेले आहेत, हे त्या पानांवरून कुणालाही कळलं नसतं. तिथल्या हॉटेलवाल्यांनाही तेव्हा ते कळायला नको होतं. गिऱ्हाइकाला जे हवं ते दाखवायचं.

दोन हजार सालानंतर हे हळूहळू बदलायला लागलं. तिथे साखरेला भाव राहिला नाही, कपड्यांचे कारखाने बंद पडायला लागले, आणि सगळा देश हॉटेलांकडे बघायला लागला. माड आणि वाळू तर दुसऱ्या बेटांकडेही होती, आणि स्वस्तात. मग त्यांनी आपली माणसं दाखवायला सुरुवात केली. बर्लिनच्या पर्यटन मेळ्याला मी दर वर्षी जात असे. आधी त्यांच्या स्टॉलवर रम आणि सेगा असे. नंतर नंतर तिथे सेगा, चिनी सिंह, तमिळ कावडी, भोजपुरी गाणी, कव्वाली, असा अख्खा देश एका गालिच्यावर उभा राहू लागला. समोर सगळे हसत असत आणि पडद्यामागे कोण आधी जाणार यावरून भांडत असत. मला ते भांडण नाचापेक्षा खरं वाटे. घरातलं वाटे.

तर अशा एका वर्षी येनाहून एक तक्रार आली.

लिहिणारे हेर फोग्ट, भिंगांच्या कारखान्यातले इंजिनिअर. अतिशय नीटनेटकं पत्र. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका चांगल्या हॉटेलात ते पत्नीसह उतरले होते. सप्टेंबरातल्या एका दुपारी हॉटेलसमोरच्या वाळूत स्थानिकांचा मोठा जमाव आला. ढोल आणि झांजा वाजत होत्या. लाल पूड उधळली गेली. एक मातीची रंगीत मूर्ती पाण्यात सोडण्यात आली. पत्नीला आरामखुर्ची हलवावी लागली. दुसऱ्या दिवशीही वाळूत फुलं सापडली. किनाऱ्याची शांतता छापलेली होती, ती मिळाली नाही, सबब पैसे परत करावेत. पुरावा म्हणून छायाचित्रं सोबत.

मी छायाचित्रं पाहिली. एक म्हातारे गृहस्थ गुडघाभर पाण्यात, डोक्यावर पाट, पाटावर गणपती. मागे बायका, पोरं, टाळ. माझी पद्धत अशी होती की आधी पत्र पूर्ण वाचायचं, मग पुरावा, आणि आपल्याला काय वाटतं ते सगळ्यात शेवटी. त्या दिवशी क्रम चुकला. मी फोटो पालथे घातले आणि चहा करून आणला.

मग बेटावर फोन लावला. तिथल्या आमच्या प्रतिनिधी एजन्सीत सविता नावाची बाई होती. तीच ती विमानतळावरची साडीतली. तिचं आडनाव फ्रेंच वळणानं लिहिलेलं, त्यामुळे मला ते वाचता येत नसे. काही वर्षं आम्ही रोज बोलत होतो, पण इंग्रजीत आणि कामापुरतं. त्या दिवशीही मी इंग्रजीतच विचारलं की त्या दुपारी किनाऱ्यावर नेमकं काय झालं, आणि माझ्यासमोरच्या फोटोत डोक्यावर पाट घेतलेले गृहस्थ कोण.

ती म्हणाली, "विसर्जन झालं, मादाम."

मी मराठीत विचारलं, "कुणाचं?"

"आमचंच. दीड दिवसाचं. तुम्ही मराठी?"

"हो. तुम्ही मराठी?"

"मग काय? शाळेत शिकलो आम्ही. पण तुम्ही फार भरभर बोलता, मादाम. हळू."

मी हळू विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"इथल्या."

"तसं नव्हे. मूळच्या."

"मादाम, जर्मनीत तुम्हाला हा प्रश्न विचारतात ना?"

"विचारतात."

"आवडतो?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली आणि हसली. "रत्नागिरीहून आलेले पणजोबा. पण मी इथली. आणि ज्यांनी पाट घेतलाय ते माझे सासरे. गावात सगळे त्यांना गंगाराम आजा म्हणतात. आयो मादाम, त्यांचा फोटो तुमच्या टेबलावर कसा आला?"

मी सांगितलं. ती परत कामाच्या इंग्रजीवर आली आणि म्हणाली, "या सणाला आमच्या देशात सरकारी सुट्टी आहे. किनारा सरकारी आहे. हॉटेल नंतर आलं. प्लीज नोट."

मी नोंद केली. हेर फोग्ट यांना उत्तर गेलं की एखाद्या देशात गेल्यावर त्या देशातली माणसं त्यांच्या सुट्टीच्या दिवशी सार्वजनिक किनाऱ्यावर आढळणं हा दोष धरता येत नाही. पत्नीस खुर्ची हलवावी लागली याबद्दल दिलगीर आहोत. माझ्या दृष्टीनं फाइल मिटली होती.

पण आमच्याकडे कॅटलॉगचं काम बघणारे हेर लोरेंत्स होते. उंच, उत्साही, दर सोमवारी नवी कल्पना घेऊन येणारे. मला ते आवडत, पण सोमवारी नाही. फाइल टेबलावर उघडी होती. त्यांनी फोटो उचलले.

"हे कोणी काढले?"

"तक्रारदारानं. ते येनाचे आहेत. भिंगं चांगली असणारच."

"फ्राऊ केळकर, हे अप्रतिम आहेत!"

"ते दोषाचे पुरावे आहेत."

"दोष? आल्झो, हे तर अख्खं पान आहे. माड सगळेच विकतात. हे कोण विकतं?"

त्यांनी येनाला फोन केला. आपल्या फोटोंचं कौतुक ऐकून हेर फोग्ट इतके खूश झाले की त्यांनी फोटो छापायला दिले आणि तक्रार मागे घेतली. अशा रीतीनं जी गोष्ट सप्टेंबरात दोष म्हणून आली होती, ती पुढच्या कॅटलॉगात वैशिष्ट्य झाली. पानभर गंगाराम आजा, ओले, डोक्यावर गणपती. खाली ओळ: 'गजमुख देवाचा उत्सव, सप्टेंबरात, थेट तुमच्या आरामखुर्चीतून.' त्यांना कुणी विचारलं नाही. खालची ओळ मीही छापून आल्यावरच वाचली.

सविताला मी एक प्रत पाठवली. तिनं कळवलं की गावात आधी मोठी मजा झाली, लोक हॉटेलातून प्रती मागून आणत होते. नंतर मजा कमी झाली. पर्यटक गाडी करून 'फोटोतला माणूस' शोधत गावात येऊ लागले. आजा परसात केळीला पाणी घालत असत, तेव्हा लोक कुंपणावरून त्यांना हात वर करायला सांगत, पाट असल्यासारखे.

मग गणपती जवळ आला आणि हॉटेलच्या मॅनेजरनं सविताला बोलावलं. त्यानं गोडीनंच सांगितलं. मूर्ती जरा मोठी आणा. पाच वाजता या, तेव्हा उजेड चांगला असतो. बायकांनी एका रंगाच्या साड्या नेसल्या तर बरं. गुलाल नको, टॉवेलला लागतो. वाळूत खुर्च्यांच्या रांगा असतील आणि एक दोरी, म्हणजे गर्दी होणार नाही.

सविता फोनवर म्हणाली, "ताई, मी कुणाच्या बाजूनं बोलू? पगार ह्यांचा, घर त्यांचं." मादामवरून ती ताईवर आली होती, त्यावरूनच मी ओळखलं की तिला झोप लागत नसणार.

गावानं बैठक घेतली आणि त्या वर्षी गणपती तिथे न नेण्याचं ठरवलं. पण न्यायचा कुठे? उत्तरेला जिथे पूर्वी मोकळी वाळू होती तिथे परदेशी लोकांसाठी बंगले बांधायला काढले होते. दक्षिणेला नदीच्या मुखापलीकडे एक कोपरा होता, पण तो सगळा खडक आणि प्रवाळ. ते तिथे गेले. ढोल वाजवले नाहीत, कारण उभं राहायलाच जागा नव्हती. आजांनी हट्टानं पाट दुसऱ्याला दिला नाही. त्यांचा पाय घसरला आणि तळवा प्रवाळावर कापला. प्रवाळाची जखम लवकर भरत नाही. म्हाताऱ्या माणसाची तर नाहीच.

आणि इकडे हॉटेलात दोरी बांधून, खुर्च्या मांडून पाहुणे समुद्राकडे बघत बसले होते.

आमच्याकडे तक्रारी आल्या. उत्सव झाला नाही म्हणून. सगळ्यात व्यथित पत्र इंगोलश्टाटच्या फ्राऊ मायर यांचं. पती मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्या शाळेत शिकवायच्या. खास तो सण पाहण्यासाठी त्यांनी सुट्टी बदलून घेतली होती. कॅटलॉगचं पान कापून सोबत जोडलेलं. आदल्या वर्षी गणपती आला ही तक्रार होती, या वर्षी आला नाही ही. फरक एवढाच की या वेळी तक्रार करणारे कायद्यानं बरोबर होते. जे छापलं ते वचन.

हेर लोरेंत्स सोमवारी आले. "उपाय सापडला. हॉटेलनं गावातल्या पोरांची एक मंडळी पगारावर ठेवायची. मूर्ती फायबरची. सीझनमध्ये दर शुक्रवारी विसर्जन. मग चुकायचा प्रश्नच नाही."

मी म्हटलं, "हेर लोरेंत्स, तुमच्याकडे ख्रिसमस दर शुक्रवारी करतात का?"

"विकला गेला असता तर केला असता," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. चेष्टा नव्हती. म्हणून तर मला त्यांच्यावर रागावता येत नसे.

त्यांचा प्रस्ताव हॉटेलच्या नव्या कराराला जोडला जाणार होता, आणि आमची कंपनी त्या हॉटेलचं मोठं गिऱ्हाईक होती. आम्ही लिहिलं असतं तर ते झालं असतं. मग ती वाळू शुक्रवारच्या मंडळींची झाली असती आणि गावाला कायमचा तो प्रवाळाचा कोपरा. मी माझ्या साहेबांना म्हटलं, करार व्हायच्या आधी जागा बघून यायला हवी, नाहीतर पुढच्या वर्षीच्या तक्रारी मी निकालात काढणार नाही. इतक्या वर्षांत मी असं काही बोलले नव्हते, त्यामुळे त्यांनी जाऊ दिलं.

सविताचं घर उसाच्या शेताला लागून आहे, म्हणजे तेव्हा होतं. तिनं व्हॅनिला घातलेला चहा दिला आणि फणसाची भाजी. गंगाराम आजा खुर्चीत, पाय स्टुलावर, पायाला पट्टी. त्यांची मराठी कोकणातली, जुन्या वळणाची, आणि मधेच क्रिओल या तिथल्या बोलीचे शब्द. आमच्या पुण्याच्या मराठीला ते किंचित हसत होते असं मला वाटलं. कॅटलॉग त्यांनी फळीवरून काढून आणवला.

"हा मी."

"हो."

"खाली काय लिवलंय?"

मी भाषांतर करून सांगितलं. ते म्हणाले, "आरामखुर्चीत कोन? देव?"

"नाही आजोबा. पाहुणे."

ते खोकला येईपर्यंत हसले. सविता म्हणाली, "बाबा, पुरे." मग त्यांनी मला विचारलं, "तुमी तुमचा गनपती कुटं सोडता, त्या जर्मनीत?"

"बादलीत. घरीच. नदीत परवानगी नाही."

"बादलीत," त्यांनी मान हलवली. "बरोबर हाय. पानी मिळाल्याशी काम. पन आमच्याकडं समुद्र हाय. आमी का बादली शोधावी?"

सवितानं माझ्या ताटात आणखी भाजी वाढली.

"आनि बघायचं तर घरी या की," ते म्हणाले. "तो घरात बसलेला असतो. दाराला कडी नसते त्या दिवशी. कुनीबी यावं, पाया पडावं, नाय पडलं तरी परसाद घ्यावा. समुद्रावर आमी त्याला पोचवायला जातो. पावन्याला पोचवायला जाताना कुनी खुर्च्या मांडतं का?"

सविताचा पुतण्या किशोर दारात उभा होता. त्याच हॉटेलात वेटर, आणि गावातल्या झाकरीच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या जाखडीच्या, नाचातला सगळ्यात चांगला नाचणारा. तो म्हणाला, "आजा, सेगा पण कुणाच्या तरी आजांचा होता. गुलाम होते ते. रात्री नाचायचे, मालकाला चोरून. आज हॉटेलात नाचतात आणि घर चालवतात. आम्हीच काय सोन्याचे?"

"मग तू नाच," आजा म्हणाले. "झाकरी नाच. ती आमची करमनूक हाय, इक तिला. गनपतीला रोज रोज बुडवू नको."

किशोर हसला. मला दोघांचंही पटलं. मी त्या दोघांपैकी कुणाच्याही जागी नव्हते, हेही मला तिथेच कळलं. मी आले होते तेव्हा मनात कुठेतरी होतं की ही आपली माणसं आहेत, आपण त्यांना सांभाळू. ती माझी माणसं नव्हती. ती त्या देशाची माणसं होती, आणि त्यांचं भांडण त्यांच्या घरातलं होतं. मला फक्त माझ्या टेबलावरची गोष्ट नीट करायची होती.

ती मी परतल्यावर केली. बैठकीत मी धर्म, संस्कृती, भावना यातलं काही काढलं नाही. हेर लोरेंत्सना त्या शब्दांनी आणखी कल्पना सुचल्या असत्या. मी एवढंच म्हटलं की जे आपल्या हातात नाही ते छापायचं नाही. पाऊस छापत नाही, देवमासे छापताना 'दिसू शकतात' म्हणतो, आणि एका गावाचा सण छातीठोकपणे छापतो. दर शुक्रवारचं विसर्जन छापलं आणि एका शुक्रवारी समुद्र खवळला, तर पैसे कोण देणार?

"गेनाऊ," आमचे साहेब म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. ते क्वचित बोलत.

हेर लोरेंत्स म्हणाले, "पण फोटो राहू द्या."

"त्या फोटोतल्या माणसाची परवानगी आहे आपल्याकडे?" मी विचारलं. "तो गर्दीत नाही. पानभर तो एकटा आहे. या देशात माणसाचा चेहरा त्याचा स्वतःचा असतो, जाहिरातीसाठी विचारावं लागतं. तो जर्मन नाही म्हणून हे बदलतं का, हे मला माहीत नाही. वकिलांना विचारू या?"

वकिलांना विचारावं लागलं नाही. हेर लोरेंत्स लाल झाले. म्हणाले, "फ्राऊ केळकर, हे माझ्या लक्षातच आलं नाही." मला वाटतं ते खरं होतं. नंतर त्यांनी स्वतः आजांना माफीचं पत्र लिहिलं आणि मला भाषांतर करायला दिलं. मात्र वाटलेले कॅटलॉग परत गोळा करता येत नाहीत. जर्मनीभरच्या प्रवास-दुकानांत ते पान वर्ष संपेपर्यंत लोक चाळत राहिले.

पुढच्या कॅटलॉगात त्या हॉटेलच्या माहितीखाली, टॉवेल आणि तिजोरीच्या ओळींमध्ये, मी लिहिलेलं एक वाक्य आलं: 'किनारा सार्वजनिक आहे, सुट्टीच्या दिवशी स्थानिक कुटुंबं तो वापरतात.' करारात खुर्च्या आणि दोरी नको असं घातलं. आणि सवितानं आपल्या डोक्यानं एक गोष्ट केली. ज्या पाहुण्यांना सण पाहायचा असेल त्यांना ती विसर्जनाच्या आदल्या दिवशी गावात नेऊ लागली. चपला बाहेर, कॅमेरा विचारून, प्रसाद खाल्ल्याशिवाय उठायचं नाही. त्याचं तिकीट नव्हतं. म्हणून ते कॅटलॉगातही नव्हतं. फ्राऊ मायरना मी नुकसानभरपाईच्या पत्राखाली तिचा हा बेत आधीच दोन ओळींत कळवला होता. तसं कळवण्याची पद्धत नव्हती.

गाव परत त्या वाळूवर येईल का, हे मात्र कुणाच्या करारात नव्हतं. एकदा अपमान झाला की कोकणातली माणसं विसरत नाहीत, हे मला माहेरूनच ठाऊक आहे. त्या वर्षी आमच्या घरचा गणपती बादलीत सोडून मी भांडी आवरत होते तेव्हा फोन आला.

"ताई, सोडला."

"कुठे?"

"जागेवर."

मी खुर्ची ओढून बसले. सविता म्हणाली, "मॅनेजर स्वतः उभा होता, लांब. टॉवेल आत घेऊन ठेवले होते त्यानं. शहाणा झाला. आणि ती तुमची इंगोलश्टाटची बाई आली होती. काल घरी पण आली, तीन मोदक खाल्ले. आज समुद्रावर उभी राहून रडली."

"का?"

"माहीत नाही. तक्रार आली की कळेलच."

तक्रार आली नाही. फ्राऊ मायरचं एक कार्ड आलं, त्यात आजांचा पाय कसा आहे एवढंच विचारलं होतं.

याचा अर्थ सगळं गोड झालं असा काढू नका. दोन-तीन वर्षांत किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका हॉटेलनं शुक्रवारचा कार्यक्रम सुरू केलाच. फायबरचा गणपती पाण्यापर्यंत नेतात, बुचकळतात आणि पुसून परत आणतात. किशोर तिथे झाकरी नाचायचा, मूर्तीला हात लावायचा नाही. आजांशी तेवढाच करार. पगार वेटरपेक्षा चांगला होता. सविता म्हणाली, "मी त्याला काय सांगू? छान नाचतो." बेटाच्या सरकारी जाहिरातींत आता गणपती असतो, सेगा असतो, चर्च असतं, सगळं एका मिनिटात. सविताला ती जाहिरात आवडते. तिच्या सासऱ्यांच्या पिढीला आपला देश पोस्टरवर आपल्यासारखा दिसला नव्हता, तो आता दिसतो, असं ती म्हणते. त्याच्यावर मी काही बोलत नाही. घरामागचं उसाचं शेत गेलं, तिथे बंगले झाले.

माझी कंपनी एका मोठ्या कंपनीनं गिळली. तक्रारी दुसऱ्या शहरात गेल्या, मी निवृत्त झाले, हेर लोरेंत्स जहाजांच्या सहली विकायला लागले. कॅटलॉग आता छापतही नाहीत. गंगाराम आजा गेले. पाट आता सविताचा नवरा घेतो. ती दर वर्षी मला विसर्जनानंतर फोन करते आणि अजूनही मला हळू बोलायला सांगते. तुम्ही जाल तेव्हा तिला भेटा. ती तुम्हाला 'मूळचे कुठले' असं विचारणार नाही, तुम्हीही तिला विचारू नका.

तिच्या गावाचा दीड दिवसाचा गणपती आजही त्या हॉटेलसमोरच्या वाळूतूनच समुद्रात जातो, आणि गावाची आरती संपली की निघतो.